दोन सरासऱ्यांमधील अंतर

वार्षिक निकाल लागला की दोन तुकड्यांच्या सरासरी गुणांची तुलना सुरू होते. एका तुकडीची सरासरी चार गुणांनी अधिक भरली, तर ती हुशार आणि दुसरी कच्ची, असा निर्णय आपण सहज देऊन टाकतो. तो कितपत ग्राह्य मानावा, हे संख्याशास्त्राच्या आधारे पाहू.

सरासरी ही एकच संख्या असते. तिच्यामागे अनेक मुलांचे कमीअधिक गुण दडलेले असतात. गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत, याच्या मापास प्रमाण विचलन म्हणतात. त्याला मुलांच्या संख्येच्या वर्गमूळाने भागले की प्रमाण त्रुटी मिळते. तशीच दुसरी मुले निवडली असती, तर सरासरी साधारणतः किती हलली असती, याचा अंदाज ती देते. दोन्ही गटांच्या प्रमाण त्रुटींच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढले की फरकाची प्रमाण त्रुटी येते. सरासऱ्यांतील फरक तिच्या सुमारे दुपटीहून अधिक नसेल, तर तो निव्वळ योगायोगानेही पडलेला असू शकतो.

डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणारे विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’, म्हणजे ‘विद्यार्थी’, या टोपणनावाने लहान नमुन्यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एक उदाहरण उद्बोधक आहे. दहा रुग्णांना दोन निद्राकारक औषधे देऊन पाहिली होती. पहिल्याने झोप सरासरी ०.७५ तासाने वाढली, दुसऱ्याने २.३३ तासांनी. फरक १.५८ तासांचा. हे दोन वेगळे गट मानले, तर फरकाची प्रमाण त्रुटी ०.८५ येते, फरक तिच्या दुपटीलाही पोहोचत नाही. परंतु दोन्ही वेळी रुग्ण तेच होते. प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच केली की माणसामाणसांतील भेद गळून पडतात, प्रमाण त्रुटी ०.३९ वर उतरते आणि तोच फरक तिच्या चौपट ठरतो.

वसतिगृहात येणारी मुलेही निरनिराळ्या घरांतून, निरनिराळी तयारी घेऊन येतात. तुकडीशी तुकडी ताडून पाहताना हे भेद प्रत्येकाची वाटचाल झाकून टाकतात. म्हणून पालकांस आमची विनंती आहे : मुलाच्या गुणपत्रिकेशेजारी शेजारच्या मुलाची गुणपत्रिका ठेवू नये, त्याचीच गेल्या वर्षीची ठेवावी. आणि चार गुणांच्या अंतरावरून कोणत्याही तुकडीस कच्ची म्हणण्याची घाई आम्ही शिक्षकांनीही करू नये.