संगणकाच्या विनंतीवरील मोर्तब

शिवकालीन राजपत्रांच्या शिरोभागी मुद्रा असे आणि मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ असे मोर्तब उमटविले जाई. मुद्रेवरून पत्र कोणाचे हे कळे. मोर्तबामुळे त्यापुढे कोणास ओळ घुसडता येत नसे. आज एका खात्याचा संगणक दुसऱ्या खात्याच्या संगणकाकडे विनंती करतो, तेव्हाही हेच प्रश्न उभे राहतात: विनंती करणारा कोण, आणि मजकूर वाटेत बदलला तर नाही ना?

अशा देवाणघेवाणीसाठी ठरवून दिलेल्या दारास ‘एपीआय’ म्हणतात. समजा, निराधारांचे मासिक अर्थसाहाय्य जमा करण्याची सूचना एका कार्यालयाकडून बँकेच्या संगणकास गेली. वाटेत कोणी खातेक्रमांक बदलला, तर गावातील एखाद्या आजीबाईंचे पैसे परक्याच्या पदरात पडतील. प्रत्येक विनंतीसोबत नुसता परवलीचा शब्द पाठविल्याने हा धोका टळत नाही. तो शब्द ज्याच्या हाती लागेल, तोच अधिकारी ठरेल.

यावरील ‘एचमॅक’ नावाची पद्धत ह्यूगो क्रॉचिक, मिहिर बेलारे व रान कॅनेटी यांनी मांडली आणि १९९७ साली ती इंटरनेटच्या प्रमाणलेखांत प्रसिद्ध झाली. तीत दोन्ही कार्यालयांकडे एकच गुप्त किल्ली असते. पाठविणारा संगणक संपूर्ण मजकूर व ही किल्ली यांवरून गणिताने एक खूण काढतो. विनंतीबरोबर खूण जाते, किल्ली जात नाही. घेणारा संगणक स्वतःजवळील किल्लीने तेच गणित करतो. मजकुरातील एक अंक जरी बदलला असेल, तरी खुणा जुळत नाहीत आणि विनंती नाकारली जाते.

परंतु खरीच विनंती टिपून ठेवून कोणी ती पुन्हा पाठविली तर? म्हणून मजकुरात वेळ आणि एकदाच वापरावयाचा क्रमांक घालतात. ठरलेली मुदत, उदाहरणार्थ ५ मिनिटे, उलटून गेली असेल किंवा तो क्रमांक पूर्वी येऊन गेला असेल, तर विनंती परत फिरविली जाते. खूण मजकूर झाकीत नाही. तो इतरांस वाचता येऊ नये यासाठी ‘टीएलएस’ हे सांकेतिक आवरणही आवश्यक असते.

गणित कितीही पक्के असले, तरी किल्ली माणसांच्याच हाती असते. म्हणून प्रत्येक कार्यालयास स्वतंत्र किल्ली व कामापुरताच अधिकार द्यावा. किल्ली विनंतीच्या पत्त्यात वा कार्यप्रणालीच्या मजकुरात लिहू नये. ती ठरावीक काळाने बदलावी. हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली होताच नवी करावी आणि फुटल्याचा संशय येताच रद्द करावी. आजीबाईंच्या पैशांची राखण अखेर या दक्षतेवरच अवलंबून आहे.