युरोपीय संघ, नाटो आणि आपलं थाळनेर



युक्रेनच्या बातम्या सुरू झाल्यापासून आमच्या चोपड्याच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "सर, युरोपीय संघ आणि नाटो, दोन्ही एकच शे ना?" पोरांची चूक नाही. दोघांची मुख्यालयं ब्रुसेल्सलाच. संघात २७ देश, नाटोत ३२, आणि त्यातले २३ दोन्हीकडे.

फरक असा सांगावा. संघ हा राजकीय आणि आर्थिक संसार. १९९२ चा मास्ट्रिख्टचा करार, सामाईक बाजारपेठ, बऱ्याच देशांत एकच चलन. नाटो हा १९४९ चा लष्करी करार. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, तुर्की नाटोत आहेत, संघात नाहीत. ऑस्ट्रिया, आयर्लंड, माल्टा, सायप्रस यांचं नेमकं उलट.

मग घर एकाचं आणि राखण दुसऱ्याची, असं झालं की काय होतं? इथे मी युरोपचा नकाशा गुंडाळून ठेवतो आणि थाळनेरला येतो.

पेशवे, शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले हा आपला संघच होता. १७९५ ला खर्ड्याच्या लढाईत निजामाविरुद्ध ते एकत्र उभे राहिले. पुढे भाऊबंदकी. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी तह केला. कंपनीची किमान ६,००० पायदळाची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख, आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी करायची नाहीत. ही शेवटची अट मुलांना दोनदा वाचायला लावा. संघाचा प्रमुख आपल्याच सरदारांशी परस्पर काही ठरवू शकत नव्हता!

१८०३ ला शिंदे-भोसले लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले. होळकर लढले तेव्हा ते एकटे पडले. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकर हरले आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा त्यांचा मुलूख, खानदेशासकट, कंपनीकडे गेला.

२७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन तापीकाठच्या थाळनेरला आला. किल्ला कागदावर कंपनीचा झाला होता, पण आतली शिबंदी लढली. दरवाजाशी बोलणी चालू असताना गोंधळ झाला, दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. मग शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. शिरपूरकडे जाणं झालं, तर मुलांना तिथली पडकी तटबंदी जरूर दाखवा.

आता नाटो म्हणजे कंपनी, असं मात्र शिकवू नका. नाटोत निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि बाहेर पडायची वाट करारातच आहे. तरी जुना प्रश्न तिथेही सुटलेला नाही. २००३ मध्ये 'बर्लिन प्लस' नावाची व्यवस्था झाली. संघाच्या मोहिमेसाठी नाटोची नियोजन व्यवस्था आणि साधनं वापरायची. त्याच वर्षी मॅसेडोनियात आणि डिसेंबर २००४ पासून बोस्नियात ती वापरली. बोस्नियात नाटोची फौज निघाली आणि संघाची आली, पण मोहिमेची सूत्रं नाटोच्याच युरोपातल्या मुख्यालयातून हलतात. त्यानंतर या वाटेने तिसरी मोहीम निघाली नाही. तुर्की सायप्रसला मान्यता देत नाही. एक नाटोत, दुसरा संघात, त्यामुळे गाडं अडतं. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते होय?

फळ्यावर दोन रकाने करा, वसई आणि बर्लिन प्लस. खर्च कुणाचा, हुकूम कुणाचा, करार मोडायचा हक्क कुणाला, एवढंच मुलांना भरायला सांगा. मागच्या वेळी एका मुलीने मधेच विचारलं, "सर, थाळनेरच्या किल्ल्यातल्या लोकांना मंदसौरचा तह कुणी सांगितला होता का?" मी म्हटलं, हिस्लॉपने किल्लेदाराला तसा निरोप धाडला होता. ती म्हणाली, "पण तो तर शत्रू होता ना?" घंटा होईपर्यंत वर्गात त्यावरच वाद चालला होता.