घरगुती चित्रपटाचे संकलन : संगणक कोणता, सॉफ्टवेअर कोणते?

दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेस गेले ते आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून. तेथून आणलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी कुंडीतल्या बीजाला फुटलेल्या अंकुराची वाढ टिपली आणि ती चित्रफीत दाखवून पुढील भांडवल उभे केले. कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाई घरीच करीत. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे असा दादरच्या एका घरातील संसार उभा होता. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि फीत कापण्या-जोडण्याचे काम संगणकाच्या पडद्यावर होते. पॉलिसी गहाण ठेवण्याची वेळ आता कोणावर येत नाही हे खरे. तथापि मुलीच्या लग्नाचे किंवा नातवाच्या बारशाचे चित्रीकरण नीटनेटके करावयाचे मनात आले, की मंडळी प्रथम गाठतात ते संगणकाचे दुकान, आणि मासिक हप्त्यांवर एखादा भारदस्त संगणक घरी येतो. कित्येकदा त्याची गरजच नसते.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचे नेहरू प्लेस असो, बंगळुरूचा एस. पी. रोड असो वा चेन्नईची रिची स्ट्रीट, विक्रेता आपणास विचारतो, “बजेट किती?” आपण स्वतःस विचारावयाचा प्रश्न मात्र निराळा आहे : आपल्याजवळ चित्रीकरण कोणत्या स्वरूपात आहे? त्यावरून सॉफ्टवेअर ठरते आणि सॉफ्टवेअरवरून संगणक. हा क्रम उलटला, की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते.

ज्यांच्या कपाटात व्हीएचएस, हाय-एट किंवा मिनी-डीव्ही कॅसेटी पडून आहेत, त्यांचे प्रकरण सर्वांत निकडीचे. चुंबकीय फीत अमर नसते. दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते आणि मुद्रण क्षीण होत जाते. फीत शाबूत राहिली तरी ती चालविणारे यंत्र मिळेनासे झाले आहे. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबविले आणि एका युगाची सांगता झाली. आजोबांचा आवाज ज्या एकमेव कॅसेटमध्ये आहे, ती आपण नवा संगणक घेईपर्यंत थांबेलच असे नाही. अशा वाचकांनी पैसा प्रथम खर्चावा तो कॅसेटींचे डिजिटल रूपांतर करून घेण्यावर. व्हीएचएस व हाय-एट या फितींसाठी यूएसबीला जोडावयाचे एक छोटे उपकरण आणि चालू स्थितीतील प्लेअर लागतो. मिनी-डीव्हीची गोष्ट वेगळी. तिच्यातील चित्रण मुळातच डिजिटल असल्याने ते ‘फायरवायर’ जोडणीतून जसेच्या तसे उतरविता येते. मात्र ही जोडणी आजच्या लॅपटॉपवर नसते. तेव्हा माळ्यावरचा जुना डेस्कटॉप भंगारात देण्यापूर्वी त्याच्या पाठीमागे ही खाच आहे काय, हे अवश्य पाहावे. एका तासाच्या मिनी-डीव्ही चित्रणास सुमारे १३ जीबी जागा लागते, म्हणजे चाळीस तासांस ५२० जीबी. आपल्या देशातील पाल पद्धतीचे हे चित्र अवघे ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे. ते संकलित करण्यास साधारण ताकदीचा, दहा वर्षांचा जुना संगणकही पुरतो.

मोबाइल फोनवर घेतलेले फोर-के चित्रण मात्र भल्याभल्या संगणकांना घाम फोडते. गंमत अशी, की त्याची फाइल जुन्या डीव्हीपेक्षा लहान असू शकते. नव्या फोनवर सेकंदाला ३० चौकटींच्या फोर-के चित्रणास मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात, म्हणजे तासाला जेमतेम दहा जीबी. मग संगणक का अडखळतो?

याचे उत्तर बँकेच्या ग्राहकांस चटकन उमगेल. पासबुकात जर केवळ जमा-खर्चाच्या नोंदी असत्या आणि शिल्लक दर पानाच्या आरंभी एकदाच लिहिली असती, तर पानाच्या मधल्या एखाद्या तारखेची शिल्लक काढण्यास वरपासून सगळ्या नोंदींची बेरीज-वजाबाकी करावी लागली असती. २००३ सालचा एच.२६४ आणि २०१३ सालचा एचईव्हीसी हे चित्रसंक्षेपाचे प्रकार नेमके असेच चालतात. पूर्ण चित्र अधूनमधून एखादेच साठवले जाते. बाकीच्या चौकटींत केवळ ‘काय बदलले’ याची नोंद असते. चित्रपट सरळ पाहताना हे चालून जाते. संकलक मात्र सारखा मागे-पुढे करतो, मध्येच कापतो, आणि प्रत्येक वेळी संगणकास नव्याने हिशेब मांडावा लागतो. जुन्या डीव्हीत प्रत्येक चौकट स्वयंपूर्ण होती, म्हणून तिच्या संकलनास एवढे सामर्थ्य लागत नसे.

यावर तोडगा आहे आणि तो विनामूल्य आहे. बहुतेक चांगली सॉफ्टवेअर्स मूळ चित्रणाची एक लहान, हलकी प्रत तयार करतात. तिला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. कापाकापी सारी या हलक्या प्रतीवर करावयाची. अंतिम चित्रपट तयार होताना सॉफ्टवेअर आपसूकच मूळ चित्रण वापरते. ही सोय रात्री लावून ठेवली, तर सकाळपर्यंत प्रती तयार असतात. नवा संगणक घेण्यापूर्वी हा उपाय घरच्या संगणकावर आठवडाभर करून पाहावा, असा माझा आग्रह आहे. अनेकांची खरेदी तेथेच टळेल.

तरीही घ्यावयाचाच असेल, तर प्रोसेसरमध्ये वरील हिशेब करणारा स्वतंत्र विभाग आहे याची खात्री करावी. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून ‘क्विक सिंक’ या नावाने ही सोय येते. एएमडी व एनव्हिडिया यांच्या ग्राफिक्समध्ये आणि ॲपलच्या २०२० नंतरच्या एम मालिकेतही ती आहे. इंटेलच्या काही प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते. ते थोडे स्वस्त मिळतात, पण त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसल्याने क्विक सिंकही नसते. विक्रेता हे आपण होऊन सांगेलच असे नाही. रॅम १६ जीबी असावी. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा पटलावरच पक्की जोडलेली असते, नंतर वाढविता येत नाही. म्हणून तेथे आरंभीच हात सैल सोडावा. प्रणाली व चालू काम एसएसडीवर ठेवावे. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. अर्ध्या तासाचे काम वीज गेल्याने वाया जाण्याचे दुःख अनुभवाविना कळत नाही. जुना संगणक घेणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे, तेव्हा ते यंत्र विंडोज ११ साठी पात्र असावे.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. २००० साली विंडोज मिलेनियमबरोबर आलेल्या ‘मूव्ही मेकर’वर आपल्यापैकी अनेकांचा हात बसला होता, मायक्रोसॉफ्टने तो २०१७ च्या जानेवारीत बंद केला. विंडोज ११ सोबत त्याच्या जागी ‘क्लिपचॅम्प’ येतो. ॲपलच्या संगणकावर ‘आयमूव्ही’ विनामूल्य मिळते आणि नवशिक्यास ते पुरेसे आहे. ‘शॉटकट’ व ‘केडेनलाइव्ह’ ही मुक्त सॉफ्टवेअर्स विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतात. माझ्या मते बहुतांश कुटुंबांनी येथेच थांबावे. पुढची पायरी ‘दाविंची रिझॉल्व्ह’ची. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००९ साली ते आपल्याकडे घेतले. व्यावसायिक चित्रपटांच्या रंगसंस्कारासाठी प्रसिद्ध असलेल्या या सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्तीही घरगुती कामास पुरून उरते, मात्र त्याची भूक मोठी आहे. १६ जीबी रॅम व बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. ‘ॲडोबी प्रीमियर’ वर्गणी भरून वापरावे लागते. वर्गणी थांबली, की आपले अर्धवट काम त्यात उघडता येत नाही, हा विचार वर्षाकाठी दोन चित्रफिती करणाऱ्याने अवश्य करावा.

येथे एका गोष्टीविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. “महागडे सॉफ्टवेअर फुकटात टाकून देतो,” असे सांगणारा परिचित प्रत्येक गावी असतो. अशा चोरट्या प्रती बसविताना प्रथम सूचना येते ती अँटिव्हायरस बंद करण्याची. म्हणजे पाहुणा आत येण्यापूर्वी राखणदारास सुट्टी देण्याचा हा प्रकार! ज्या संगणकावर आपण संध्याकाळी चित्रपट जोडतो, त्यावरच सकाळी नेट बँकिंग करतो, पासवर्ड टंकतो. कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ टिपणारे प्रोग्राम अशाच वाटेने घरात शिरतात. उत्तम सॉफ्टवेअर्स अधिकृतपणे विनामूल्य उपलब्ध असताना आयुष्यभराची पुंजी अशी पणास लावण्यात कोणते शहाणपण?

मराठी वाचकांसाठी सॉफ्टवेअरची आणखी एक परीक्षा आहे आणि ती परकीय भाषेतील परीक्षणांत सापडत नाही. शीर्षकाच्या जागी ‘ज्योत्स्ना’, ‘कर्तृत्व’, ‘मिळविल्या’ आणि ‘वऱ्हाडी’ हे शब्द युनिकोडमध्ये टंकून पाहावेत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडली, जोडाक्षर फुटून पाय मोडके दिसू लागले, तर ते सॉफ्टवेअर देवनागरीस अद्याप सरावलेले नाही असे समजावे. आवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हा दोष निघाल्यास शीर्षक दुसऱ्या प्रोग्राममध्ये लिहून, पारदर्शक पार्श्वभूमीचे चित्र म्हणून जोडता येते. ‘मुक्त’, ‘बलू’ असे देखणे देवनागरी टंक विनाशुल्क मिळतात. चि. सौ. कां. च्या नावातील रफार चुकलेली लग्नाची चित्रफीत पिढ्यान्‌पिढ्या पाहिली जावी, हे कोणास रुचेल?

नातेवाइकांकडून चित्रण गोळा करताना व्हॉट्सॲपवर ते व्हिडिओ म्हणून मागवू नये, तेथे ते दाबून लहान केले जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविण्यास सांगावे अथवा पेन ड्राइव्हवर घ्यावे. अनेक फोन चित्रण करताना चौकटींचा वेग कमी-अधिक करतात. त्यामुळे संकलनात ओठ आणि आवाज यांची फारकत होते आणि मंगलाष्टके भटजींच्या तोंडाशी जुळेनाशी होतात. ‘हँडब्रेक’ या विनामूल्य सॉफ्टवेअरने ती फाइल स्थिर वेगात बदलून घेतली, की तंटा मिटतो.

संगणकावर वाचवलेला पैसा साठवणीवर खर्च करावा. मूळ चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर असाव्यात आणि तिसरी दुसऱ्या गावी, भावाकडे वा मुलीकडे असावी. कायमच्या साठवणीसाठी कपाटात ठेवण्यास एसएसडीपेक्षा साधी हार्ड डिस्क बरी. एसएसडीस दीर्घकाळ वीज मिळाली नाही तर तिच्यातील माहिती विरत जाऊ शकते. हार्ड डिस्कही वर्षातून एकदा जोडून, दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात.

तयार चित्रपट बाहेर काढताना एमपी-४ फाइल आणि एच.२६४ हा पर्याय निवडावा. काकांच्या घरचा जुना टीव्ही एचईव्हीसी ओळखेलच असे नाही. आणि तेथे नेण्याचा पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर उतरतच नाही. अशा वेळी चित्रपटाचे दोन भाग करावेत, साखरपुडा एका फाइलमध्ये आणि लग्न दुसऱ्या. किंवा त्यांचा टीव्ही एक्सफॅट वाचतो का, हे आधी फोन करून विचारावे.