नक्षीदार शिसवीचे मेज : सौदा करण्याआधी

आमचा धंदा कापडाचा. लाकडाशी आमचा संबंध एवढाच की ज्या मेजावर हिशेब लिहितो ते लाकडाचे असते. तरीही आज या पानावर आम्ही मेजाविषयी लिहीत आहोत, कारण एका मेजाच्या सौद्यात आम्ही एका चांगल्या कारागिराचे नुकसान केले, स्वतःचेही करून घेतले, आणि ते का झाले हे समजायला आम्हाला दोन वर्षे लागली. आमच्या वाचकांत सुतारकाम करणारे बंधू आहेत, तसे काम सांगणारे व्यापारीही आहेत. दोघांच्याही उपयोगाची ही हकीकत आहे.

2016 सालच्या पावसाळ्यात मालेगावातल्या आमच्या पेढीसाठी पाच फूट लांब व अडीच फूट रुंद मेज करायचे ठरले. मिस्त्रींनी सागवान धरून मजुरीचा उक्ता आकडा सांगितला आणि सौदा पक्का झाला. पुढे लाकूड घ्यायला वखारीत गेलो तर आमची नजर शिसवीच्या फळ्यांवर पडली. काळसर जांभळा रंग, त्यात सोनेरी पट्टे, आणि फळी जरा तिरपी केली की पाण्याची लहर उमटलेल्या रेशमासारखी चमक. कापडवाल्याचे डोळे तिथेच अडकले. आम्ही म्हणालो, हेच घ्या. लाकडाच्या किमतीतला फरक आम्ही देऊ, मजुरी मात्र ठरली तीच. मिस्त्री जरा घुटमळले, पण गिऱ्हाईक जुने, बोलणार काय?

मेज झाले, दिसायला उत्तम झाले. 2017 च्या मे महिन्यात एका सकाळी पेढी उघडली तर वरच्या फळीला एका टोकापासून हातभर चीर गेलेली. आम्ही मिस्त्रींना बोलावून चार शब्द सुनावले आणि बाकी राहिलेली रक्कम अडवून ठेवली.

दुसरे मेज करून घेताना ज्या वयस्क मिस्त्रींकडे गेलो त्यांना मोहल्ल्यात सगळे चाचा म्हणतात. त्यांनी जुने मेज उलटे करून पाहिले आणि म्हणाले, "सेठ, कारागिराची चूक एक आहे, तुमच्या तीन आहेत." मग त्यांनी जे समजावले ते आम्ही आमच्या भाषेत मांडतो.

लाकूड हे एका अर्थी कापडच आहे, फक्त त्यात ताणा आहे आणि बाणा नाही. सगळे धागे झाडाच्या उंचीच्या दिशेने उभे गेलेले. साध्या सागवानात हे धागे बहुतेक सरळ असतात, म्हणून रंधा एका दिशेने मारला की सालपट सरळ निघते. शिसवीच्या झाडात तसे नसते. झाड वाढताना काही वर्षे धागे खोडाभोवती एका बाजूला कलत जातात, पुढची काही वर्षे उलट बाजूला. थरावर थर असा फिरत जातो. अशा खोडाची फळी काढली की शेजारशेजारचे पट्टे उलटसुलट दिशेचे मिळतात. उजेड एका पट्ट्यावरून परततो, शेजारच्या पट्ट्यात बुडतो, आणि आपल्याला लहर दिसते. मखमलीवर हात फिरवून पाहा, एका बाजूने मऊ लागते आणि उलट बाजूने अडते. शिसवीची फळी म्हणजे मखमलीच्या उलटसुलट जोडलेल्या पट्ट्या. ज्या गुणामुळे ती सुंदर दिसते त्याच गुणामुळे ती रंध्याला जुमानत नाही. डावीकडून रंधा मारा, निम्मे पट्टे गुळगुळीत होतात आणि निम्म्यांचे धागे मुळासकट उपटून खड्डे पडतात. उजवीकडून मारा, खड्डे दुसऱ्या पट्ट्यांत. फांदी फुटलेल्या जागेचे किंवा गाठीजवळचे लाकूड तर उरेब कापडासारखे, कुठे कसे ताणले जाईल याचा नेम नाही.

त्यात शिसव सागवानापेक्षा बरीच जड व कठीण. तिच्या छिद्रांत चुन्यासारखा खडूचा अंश साठलेला असतो, तो पात्याची धार खातो. सागवानावर जी धार अर्धा दिवस चालेल ती येथे तासाभरात बोथट होते. चाचांच्या हाताखालचा मुलगा दिवसातला किती वेळ दगडावर धार लावीत बसला होता ते आम्ही पाहिले आहे. ही सगळी मजुरीच आहे, पण उक्त्या आकड्यात ती कोणी मोजत नाही.

चाचा अशा लाकडाला कसे वश करतात? पहिली गोष्ट, घाई नाही. रंध्याचे पाते वस्तऱ्यासारखे धारदार, तोंड अगदी अरुंद, आणि पात्यावर बसणारी दुसरी लोखंडी पट्टी धारेपासून केसभर अंतरावर आणलेली. ही पट्टी सालपटाला लगेच मोडते, त्यामुळे ते मागचे धागे उपटू शकत नाही. साध्या रंध्याचे पाते 45 अंशांत बसते. हट्टी लाकडासाठी ते 55 ते 60 अंशांपर्यंत उभे केले तर ते धागा उचलण्याऐवजी खरवडते. जोर जास्त लागतो, पण फळी वाचते. जिथे रंधाही हरतो तिथे पोलादी पातळ पट्टी घ्यायची. तिच्या काठावर घासून बारीक कंगोरा चढवलेला असतो. ती दोन्ही हातांनी किंचित वाकवून ओढली की भुसा न पडता कागदासारखी बारीक सालपटे निघतात. चाचांची पट्टी जुन्या करवतीचा तुकडा कापून केलेली आहे. त्यानंतर पॉलिश पेपर, 120 नंबर, मग 180, मग 220. खड्डे पडलेल्या फळीवर नुसता पेपर घासत बसणे म्हणजे एका खड्ड्यासाठी अख्खी फळी पातळ करणे.

मशीनवाले बंधू म्हणतील, आमच्याकडे प्लेनर आहे. असू द्या. या लाकडावर मशीनचे पाते जास्त खोल घातले तर ते चकत्याच उडवते. नवी धार, एका वेळी अगदी थोडी खोली, फळी जरा तिरपी घालायची, आणि शेवटचा हात हातानेच. तोंडाला रुमाल नव्हे, चांगला मास्क बांधावा. शिसवीच्या भुशाने अनेकांना शिंका, खाज व दमा सुरू होतो. ही गोष्ट कारागीर हसण्यावारी नेतात. नेऊ नये.

आता चिरेचा हिशेब. सुती कापड धुतल्यावर आकसते हे आम्हाला कोणी शिकवायला नको. लाकूड मात्र दरवर्षी आकसते आणि दरवर्षी फुगते. हवेत ओल असली की ती पिते, उन्हाळ्यात सोडते. लांबीत फरक जवळजवळ नाही, सगळा फरक रुंदीत. तोही फळी कशी कापली यावर अवलंबून. खोडाच्या मध्याकडून परिघाकडे, म्हणजे वर्षाच्या कड्यांना आडवी कापलेली फळी कमी हलते. कड्यांना स्पर्श करून कापलेली साधारण दुप्पट हलते. अशी 30 इंच रुंद फळी घ्या. आमच्याकडे पावसाळा आणि मे महिना यांच्यात लाकडातला ओलावा पाच-सहा टक्क्यांनी खालीवर झाला तर रुंदीत अडीच ते तीन सुतांचा फरक पडतो. सुताराचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमचे सूत नव्हे. तीन सूत म्हणजे जवळपास अर्ध्या बोटाची रुंदी झाली. आमच्या पहिल्या मेजाची फळी मिस्त्रींनी पावसाळ्यात, पुरते न वाळलेले लाकूड घेऊन, खालच्या चौकटीला चहूबाजूंनी स्क्रूने आवळून बसवली होती. उन्हाळ्यात ती आकसायला निघाली आणि स्क्रूंनी सोडले नाही. मग ती फाटणारच.

आवळून बसवणे ही मिस्त्रींची चूक. ओले लाकूड निवडणे, घाई लावणे आणि सागवानाच्या मजुरीत शिसव करायला लावणे या आमच्या तीन. चाचांचे म्हणणे असे की त्या कारागिराला आणखी चार दिवसांची मजुरी मिळाली असती तर त्याने फळी नीट बसवली असती. त्याला ते येत नव्हते असे नाही. खड्डे काढता काढता त्याचा आकडा संपला होता.

दुसऱ्या मेजासाठी एका जुन्या वाड्याच्या मोडतोडीतून आलेली शिसव मिळाली. अशा लाकडाचा फायदा हा की ते कित्येक वर्षे हवेत बसून शांत झालेले असते. तोटा हा की आत तुटके खिळे असतात. करवतीखाली घालण्याआधी इंच न् इंच लोहचुंबक फिरवावा. नवे लाकूड घेतल्यास जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, वाळवण्याचा जुना हिशेब आहे. ओलावा मोजायचे यंत्र आता स्वस्त झाले आहे, ते कारागिराने बाळगावे. मग फळ्या कामाच्या जागी आणून दोन-तीन आठवडे तशाच ठेवाव्यात.

लाकूड किती घ्यावे? एवढ्या मेजात, दोन खणांसह, डोळ्यांना दिसणारे लाकूड सव्वादोन घनफुटांच्या आसपास. वखारीतून मात्र साडेतीन ते चार घनफूट आणावे लागते. गाठी, चिरा, बाहेरचा पांढुरका भाग आणि रंध्यात जाणारी जाडी वजा होते, शिवाय नक्षी जुळवायला निवड लागते. कापडात चौकडी जुळवून शिवायची तर शिंपी जास्त वार मागतो, तसेच हे.

चाचांनी नक्षीदार फळ्या फक्त वरच्या पृष्ठाला आणि खणांच्या दर्शनी बाजूंना वापरल्या. पाय आणि पट्ट्या सरळ रेषेच्या शिसवीच्या. जिथे एका तुकड्याची कूस दुसऱ्याच्या खाचेत बसते तिथे वाकडा धागा नको, ठोकताना तिथेच तुटतो. खणांच्या आतल्या बाजू सागवानाच्या, तळ प्लायवुडचा. यात लबाडी नाही, शहाणपण आहे, फक्त गिऱ्हाइकाला आधी सांगितले पाहिजे.

शिसव तेलकट असते. म्हणून फळ्या जोडण्यापूर्वी काठ ताजा रंधून, स्पिरिटने पुसून लगेच फेविकॉल लावले. वरचे पृष्ठ चौकटीला लाकडी गुटक्यांनी धरले. गुटक्याची जीभ चौकटीच्या आतल्या खोबणीत सरकती राहते, स्क्रू फक्त गुटक्यातून वर जातो. फळी रुंदीत हलते, पण उचलत नाही. पॉलिशही तेलामुळे कधी कधी चिकट राहते, तेव्हा पहिला हात चपडा लाखेचा पातळ द्यावा. छिद्रे भरायला खडूची पूड वापरू नये, काळ्या लाकडावर पांढरे ठिपके दिसू लागतात.

कागदपत्रांचेही सांगितले पाहिजे. जंगलातून आलेल्या शिसवीला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो, वखारीची पावती नीट ठेवावी. परदेशी माल पाठवणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. 19 व्या शतकात मुंबईचे कोरीव शिसवी फर्निचर 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नावाने विलायतेपर्यंत गाजले होते. तो मोकळा जमाना गेला. जानेवारी 2017 पासून शिसव आणि उत्तरेकडचे शिशम या दोन्ही झाडांची सगळी जात 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत आहे. पुढे लहान वस्तूंना 10 किलोपर्यंत सूट मिळाली, पण मेज त्यात बसत नाही. ऑर्डर घेण्याआधी परवान्याची चौकशी करावी.

आणि सौदा. चाचा अशा लाकडाचे उक्ते काम घेत नाहीत. चौकट, खण व पॉलिश यांचा आकडा ठरवतात, आणि नक्षीदार फळ्या साफ करण्याची मजुरी रोजावर, पण जास्तीत जास्त किती दिवस ते आधी सांगून. आमच्याकडे त्यांनी नऊ दिवस सांगितले होते, आठ लागले. फळी निघताना आत पोकळ गाठ किंवा चीर सापडली तर ते नुकसान लाकूड निवडणाऱ्याचे. आम्ही निवडले तर आमचे. हे सगळे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या. कापडाच्या धंद्यात आम्ही मीटरभर मालाचीही पावती लिहितो, आणि सुताराशी सौदा मात्र तोंडी करतो, हे आमच्याच लक्षात आले नव्हते.

पहिल्या मिस्त्रींची अडवलेली रक्कम आम्ही 2019 मध्ये त्यांच्या घरी जाऊन दिली, वरचे चार दिवस धरून. त्यांनी चहा पाजला, मेजाचा विषय काढला नाही. निघताना मात्र विचारले, ती फाटलेली फळी कुठे आहे? आता ते तिच्या पट्ट्या काढून त्यांतून आमच्या धाकट्या मुलाच्या दुकानाच्या गल्ल्याला खण करीत आहेत. मजुरी रोजावर ठरली आहे.