इंग्रजीतील परिमाणदर्शके आणि नामांची गणनीयता

मराठी अभ्यासकाच्या इंग्रजी प्रबंधात 'मेनी इन्फर्मेशन्स' असा प्रयोग आढळला, की नियमाचे अज्ञान म्हणून त्याची वासलात लावण्याची प्रथा आहे. वस्तुतः नियम त्यास शाळेपासून ठाऊक असतो: गणनीय नामापूर्वी 'मेनी' व 'फ्यू', अगणनीय नामापूर्वी 'मच' व 'लिट्ल'. अडचण आहे ती या नियमाच्या अलीकडे. अमुक नाम गणनीय की अगणनीय, हे पदार्थाकडे पाहून ठरत नाही.

मराठीत परिमाणदर्शक निवडताना हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही. 'पुष्कळ पाणी' व 'पुष्कळ माणसे', 'किती दूध' व 'किती मुले' यांत शब्द एकच आहे. भेद उमगतो तो वचनावरून, आणि ते वचन इंग्रजीशी जुळतेच असे नाही. आपण तांदूळ निवडतो, केस विंचरतो, पैसे मोजतो. ही सर्व अनेकवचने होत. इंग्रजीत 'राइस', डोक्यावरील समग्र केस या अर्थी 'हेअर', आणि 'मनी' ही तिन्ही अगणनीय. इंग्रजीच्या दृष्टीने मोजले जातात ते रुपये, 'मनी' नव्हे. म्हणून 'हाउ मेनी रुपीज', परंतु 'हाउ मच मनी'. खुद्द इंग्रजीतही 'व्हीट' अगणनीय, तर 'ओट्स' अनेकवचनी आहे. यात दाण्याच्या आकारमानाचा काही संबंध नाही. येस्पर्सन यांनी 'द फिलॉसफी ऑफ ग्रामर' (१९२४) या ग्रंथात अशा नामांचा स्वतंत्र विचार केला असून त्यांत मूर्त द्रव्यांप्रमाणे अमूर्त कल्पनांचाही समावेश केला आहे.

ही सीमारेषा इतिहासातही स्थिर राहिलेली नाही. वाटाण्याचा जुना इंग्रजी शब्द 'पीज' हा होता. त्याचा अंत्य ध्वनी अनेकवचनाचा प्रत्यय मानला गेला आणि सतराव्या शतकात 'पी' हे नवे एकवचन रूढ झाले. 'लेस' हा शब्द गणनीय नामांसह वापरू नये, तेथे 'फ्युअर' हवा, या दंडकाचा उगम रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये व्यक्त केलेल्या वैयक्तिक पसंतीत शोधला जातो. प्राचीन इंग्रजीत 'लेस'चे पूर्वरूप षष्ठीच्या अनेकवचनासह, म्हणजे 'शब्दांचे कमी प्रमाण' अशा रचनेत, येत असे. पुढे षष्ठीचा प्रत्यय लोपला आणि 'लेस' थेट अनेकवचनास येऊन भिडला. विद्यार्थ्याने प्रबंधात 'फ्युअर'च लिहावे हे इष्ट. मात्र अंतर, काल व रक्कम यांपुढे 'लेस दॅन टेन माइल्स' हेच शिष्टसंमत आहे, कारण तेथे दहा मैल मिळून एकच परिमाण कल्पिलेले असते.

खरा धोका आहे तो 'अ' या क्षुद्र भासणाऱ्या उपपदात. 'मेनी इन्फर्मेशन्स'ने वाचक फार तर हसेल; अर्थ बिघडत नाही. परंतु 'अ फ्यू स्कॉलर्स अ‍ॅक्सेप्ट धिस व्ह्यू' म्हणजे काही विद्वानांस हे मत मान्य आहे. 'अ' गळताच ते फारच थोड्यांस मान्य आहे, असा अर्थ होतो. ज्या पूर्वसूरींचा आधार घ्यावयाचा, त्यांचाच पाठिंबा अशाने काढून घेतला जातो आणि वाक्य मात्र व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते. 'लिट्ल एव्हिडन्स' व 'अ लिट्ल एव्हिडन्स' यांतही हेच अंतर आहे. मराठीत हे कार्य 'च' हे अव्यय करते: 'थोडे विद्वान मानतात', 'थोडेच विद्वान मानतात'. आपण नकाराची छटा शब्द जोडून आणतो, इंग्रजी ती शब्द काढून आणते. त्यातही 'ओन्ली अ फ्यू' म्हटल्यास संख्या पुन्हा आक्रसते, आणि 'क्वाइट अ फ्यू' याचा अर्थ तर 'बरेच' असा होतो.