जुना शॉकअप खरोखर स्वस्त पडतो काय?

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलात की मोडीत निघालेल्या गाड्यांचे शॉकअप, स्प्रिंगा, लोअर आर्म दुकानांबाहेर रचलेले दिसतात. आपल्यापैकी कितीतरी जण हा माल विकतात, कितीतरी मिस्त्री तो बसवतात आणि कापडाचे गठ्ठे किंवा बेकरीचा माल वाहणारे छोटे व्यापारी आपल्या व्हॅनसाठी तोच विकत घेतात. नवा घ्यावा की जुना, हा प्रश्न या तिघांचाही आहे.

सर्व भागांना एकच उत्तर लागू पडत नाही. ढोबळ हिशेब असा की ज्यात तेल, रबर किंवा बॉल जॉइंट आहे ते नवे घ्यावे. जे निव्वळ पोलाद आहे ते पारखून जुने चालते.

मारुती ओम्नीचेच पाहा. तिचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले, तरी पुष्कळ व्हॅन आजही धंद्यात आहेत. तिला पुढे स्ट्रट आणि मागे कमानीचे पाटे असतात. पाटे जुने घेता येतात. मात्र प्रत्येक पाटा सुटा करून, तारेच्या ब्रशने घासून, मधल्या बोल्टच्या भोकाजवळ चीर आहे का ते पाहावे. बसलेल्या पाट्याला जाणता कारागीर पुन्हा बाक देतो. तुटलेला पाटा वेल्डिंग करून घेऊ नये, कारण तापवल्याने त्या जागचे पाणी उतरते आणि भरल्या गाडीखाली तो तिथेच मोडतो.

शॉकअपची गोष्ट वेगळी. त्याचे काम आतल्या तेलावर, व्हॉल्व्हवर आणि सीलवर चालते आणि झीज बाहेरून दिसत नाही. बाहेरून पुसून रंग दिलेला शॉकअप नव्यासारखा दिसतो! घ्यायचाच झाला तर उभा धरून दांडा चार-पाच वेळा खालीवर करावा. खाली दाबताना आणि वर ओढताना, दोन्ही वेळा पूर्ण फेरीत एकसंध जोर लागला पाहिजे. मध्येच ढिला पडला, सीलजवळ तेल दिसले किंवा दांड्यावर गंजाचे ठिपके असले तर परत ठेवावा. एवढे करूनही तो किती दिवस टिकेल हे कोणी सांगू शकत नाही. चार-सहा महिन्यांत पुन्हा खोलायचा झाला तर मजुरी दुप्पट, गाडी उभी राहते तो दिवस वेगळा, आणि झिजलेल्या शॉकअपने टायर खाल्ले तर तो खर्च आणखी वेगळा.

लोअर आर्म जुना घेताना सपाट फरशीवर दुसऱ्या चांगल्या आर्मशी जुळवून पाहावा. अपघातातल्या गाडीचा असेल तर बाक सापडतो. ठोकून सरळ केलेला आर्म फुकट मिळाला तरी नको. चांगला निघाला तर बुश आणि बॉल जॉइंट नवे टाकून, शेवटी अलाइनमेंट करून घ्यावी.

नव्या मालात डुप्लिकेटचे भय आहे. गॅब्रिएलसारख्या कंपन्या गाडी बनवणाऱ्यांनाही शॉकअप पुरवतात आणि स्वतःच्या खोक्यातही विकतात, तेव्हा केवळ गाडीच्या कंपनीच्या खोक्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. पक्के बिल मात्र घ्यावे. ज्या सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. त्यामुळे नव्या-जुन्यातील अंतरही थोडे घटले आहे.

आता दुकानदार बांधवांसाठी दोन शब्द. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगताच, मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. रंग मारलेला शॉकअप ‘कमी चाललेला आहे’ म्हणून विकणे याच जातीचे आहे. ऐब सांगून भाव कमी करावा. त्याने गिऱ्हाईक तुटत नाही, उलट मिस्त्री पुढच्या वेळी आपल्याकडेच येतो.

खरेदीतही सावध राहा. इंजिनासारखा नंबर स्प्रिंगेवर किंवा आर्मवर नसतो, म्हणून चोरीच्या गाडीचा माल सहज मिसळतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. विकणाऱ्याचे ओळखपत्र, गाडीचा नंबर आणि तारीख वहीत लिहून त्याची सही घ्यावी. तो टाळाटाळ करू लागला तर भाव कितीही चांगला असो, माल उतरवून घेऊ नये.