प्लगची पकड

जळालेला सॉकेट नीट पाहिला की जळायला सुरुवात कुठून झाली ते कळतं. तो सगळीकडून सारखा जळत नाही. तीन भोकांपैकी एकाच भोकाभोवती प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, मग त्याला फोड येतात. शेजारचं भोक जवळजवळ कोरं राहतं. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतला एका वायरमनच्या दुकानात काउंटरखाली असा काढून टाकलेला माल पत्र्याच्या डब्यात साठवलेला आहे. त्यातले सॉकेट, प्लग, मल्टिप्लग मी एकेक करून हातात घेतले. बहुतेकांची कहाणी तीच: एक भोक काळं, आतली पितळी पट्टी काळपट पडलेली आणि वायर धरणारा स्क्रू ढिला.

दुकानाचे मालक आयटीआय झालेले, परवानाधारक वायरमन. गिऱ्हाइकं त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणतो. एप्रिल-मे हा त्यांचा सगळ्यात घाईचा काळ. हिंगोली जिल्ह्यात हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून मोंढ्यात जाते, पैसे हाती येतात, आणि त्याच वेळी पारा चाळिशीच्या वर चढलेला असतो. घरात कूलर येतो, फ्रीज येतो. वायरिंग मात्र जुनीच राहते, एका खोलीला एक पॉइंट असलेली. मग त्या एका पॉइंटवर मल्टिप्लग, मल्टिप्लगवर एक्स्टेंशन बोर्ड, आणि बोर्डावर सगळं घर.

मी तिथं बसलेलो असताना एक ताई पिशवीतून जळका बोर्ड घेऊन आल्या. "मामा, नुसता कूलर अन् टीव्ही लावला होता. एवढ्यानं कसा काय जळाला?" मामांनी आधी तो नाकाशी नेला, मग माझ्यापुढे धरला. मासळीसारखा वास येत होता. स्विच-सॉकेटसाठी वापरतात त्यातलं एक कडक प्लास्टिक, युरिया फॉर्माल्डिहाइड, तापून करपू लागलं की असा वास सुटतो. घरात मासळी शिजत नसताना हा वास आला तर आधी बोर्डाकडे धावावं. मामांनी चार स्क्रू काढून झाकण उघडलं आणि टेस्टरच्या टोकानं आतली पितळी क्लिप हलवली. ती लटपटत होती. "लोडनं नाही जळाला ताई, लूज होतं. थंडीत याच्यावर काय लावत होता?" ताई थांबल्या. "पाणी तापवायचा रॉड."

इथं थोडा हिशोब करावा लागतो, कारण मामांच्या बोलण्याचा सगळा अर्थ त्या हिशोबात आहे. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. सहा अँपिअरचा सॉकेट म्हणजे जास्तीत जास्त १३८० वॅट. रॉड १५०० वॅटचा. तो साडेसहा अँपिअर खेचतो. म्हणजे थोडाच जादा, पण रोज, आणि पाणी तापेपर्यंत सलग. प्लगची पिन आणि सॉकेटची क्लिप जिथं एकमेकींना टेकतात तिथं थोडा रोध असतोच. पकड घट्ट असेल तर तो ओहमच्या हजाराव्या भागांत मोजावा इतका कमी असतो. पकड ढिली झाली, पिनेवर काजळी बसली, की तो ओहमच्या दहाव्या भागापर्यंत सहज जातो. उष्णता निघते ती प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या हिशोबानं: साडेसहाचा वर्ग बेचाळीस, त्याचा दहावा भाग म्हणजे चार वॅटच्या वर. चार वॅट ऐकायला काहीच नाही. पण ती उष्णता ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत निघते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. त्या उष्णतेनं क्लिपचा ताण जातो. ताण गेला की पकड आणखी सुटते, रोध आणखी वाढतो, उष्णताही वाढते. थंडीतल्या रॉडनं क्लिप मऊ केली. उन्हाळ्यात कूलरनं ती पेटवली.

तरी प्रश्न उरतोच. कूलर आणि टीव्ही मिळून दीड अँपिअरही होत नाही. एवढ्या कमी प्रवाहानं पेट कसा घेतला? याचं उत्तर अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या मीझ आणि ब्यूसोलिएल या दोघांनी १९७७ साली छापलेल्या अभ्यासात आहे. सैल जोडावर धातूचा ऑक्साइड साचला की तो जोड निखाऱ्यासारखा लाल होऊन धुमसत राहतो. अवघ्या ०.८ अँपिअरला अशा जोडातून पाच वॅटपर्यंत, तर पंधरा अँपिअरला पस्तीस वॅटपर्यंत उष्णता निघते, असं त्यांना आढळलं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिवा मंद होत नाही, पंखा हळू होत नाही, फ्यूज उडत नाही, ब्रेकर पडत नाही. घरातल्या कुणालाच काही कळत नाही.

एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला आपोआप पडणारा ब्रेकर, बसवला म्हणजे आपण सुटलो असं जे मानतात, त्यांनी हे नीट समजून घ्यायला हवं. एमसीबी बघतो तो प्रवाह. जोड कितीही तापला तरी प्रवाह तेवढाच राहतो. मग तो पडणार कशाला? शिवाय सोळा अँपिअरचा एमसीबी सोळाला पडत नाही. मानकाप्रमाणे अठरा अँपिअरला त्यानं तासभर न पडता टिकायचं असतं, आणि सव्वातेवीसला तासाभराच्या आत पडायचं असतं. त्याच्यापुढे आपण जो बोर्ड लावतो त्याची वायर पुष्कळदा अर्ध्या चौरस मिलिमीटरची, म्हणजे चार अँपिअर पेलणारी. भिंतीतली वायर एमसीबीनं जपली. बोर्डाची वायर कुणीच जपली नाही. जुन्या घरांत किटकॅट फ्यूज असतात, त्यांत तर उडालेल्या बारीक तारेऐवजी जाड तार पिळून टाकतात आणि "आता उडत नाही" म्हणून समाधान मानतात. आग लागल्यावर पंचनाम्यात 'शॉर्टसर्किट' एवढंच लिहिलं जातं. मला वाटतं, त्यातल्या कितीतरी आगी शॉर्ट होण्याच्या खूप आधी अशा एका ढिल्या स्क्रूपाशी सुरू झालेल्या असतात.

आपल्या उन्हाळ्याचाही यात हात आहे. सॉकेटच्या टर्मिनलचं तापमान खोलीच्या तापमानापेक्षा ४५ अंशांहून जास्त चढू नये, अशी अट प्लगच्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत धरलेलं असतं. थंड देशातल्या वीस अंशांच्या खोलीत पंचेचाळीसची भर पडली तर पासष्ट होतात, निभावतं. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात खोलीच बेचाळीसला असते. तिथं तेवढीच भर पडली तर सत्त्याऐंशी. म्हणजे जो जोड इतरत्र चालून जाईल, तो आपल्याकडे वायरचं आवरण कडक करून तडकवतो. मराठवाड्यात सॉकेट घेताना एक पायरी वरचाच घ्यावा, असं मी म्हणतो ते म्हणूनच.

पकड ढिली होण्याची दुसरी वाट पिनांच्या मापांतून जाते. आपला गोल पिनांचा प्लग ब्रिटिशांच्या १९३४ च्या मानकावरून आला. पाच आणि पंधरा अँपिअर ही त्याची मापं. आज आयएस १२९३ या भारतीय मानकात ती सहा आणि सोळा आहेत. लहान प्लगच्या पिना पाच मिलिमीटरच्या जराशा वर, मोठ्याच्या सात. मोबाइलच्या कितीतरी चार्जरच्या पिना मात्र युरोपी मापाच्या, चार मिलिमीटरच्या. त्या आपल्या भोकात लटकतात. त्यावर उपाय म्हणून बाजारात गोल, चपटी, जाड, बारीक सगळंच घेणारा मल्टिप्लग मिळतो. मामांनी एक फोडून दाखवला. आत स्प्रिंग नव्हती. पातळ पत्र्याच्या दोन सरळ पट्ट्या, त्यात पिन कशीबशी एका टोकाला टेकणार. सगळ्यांना जागा देणारं भोक कुणालाच घट्ट धरत नाही. त्याहून वाईट प्रकार गावोगाव दिसतो: प्लगच नाही, वायरची टोकं सोलून भोकांत घातलेली आणि काडीपेटीच्या काड्या खोचून पक्की केलेली. उष्णतेच्या जागी लाकूड आणि गुल!

ब्रिटननं स्वतः १९४७ मध्ये हा गोल पिनांचा प्लग सोडून चौकोनी पिनांचा तेरा अँपिअरचा प्लग घेतला आणि प्रत्येक प्लगच्या पोटात फ्यूज दिला. त्यांच्या घरांतलं सर्किट वर्तुळाकार, तीस अँपिअरचं. त्यावर लागणाऱ्या उपकरणाच्या बारीक वायरीला स्वतःचं संरक्षण देणं भागच होतं. आपण जुना प्लग ठेवला, आणि फ्यूज भिंतीवरच राहिला. तेव्हा खोलीत एक दिवा आणि घरात फार तर एक रेडिओ असायचा, त्यामुळे ते चाललं. आज चालत नाही.

ताईंसाठी मामांनी नवा बोर्ड तिथंच बांधायला घेतला. पीव्हीसीची पेटी, सोळा अँपिअरचा एक सॉकेट, सहाचे दोन, तीनपदरी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर. वायर त्यांनी ब्लेडनं हलकेच खरवडली. आतून पांढरी चकाकी निघाली असती तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअम. निघाली नाही. मग टोक सोललं, पण चाकू तारांना लागू न देता, कारण चार तारा तुटल्या की तेवढी वायर बारीक झाली. तारा उजवीकडे पिळल्या, टोक दुमडून दुहेरी केलं आणि टर्मिनलमध्ये सारलं. काही जण टोकाला कथिल लावतात, ते का लावत नाही असं मी विचारलं. "कथिल मऊ असतं. स्क्रूखाली दबून सरकतं. आज आवळलं, सहा महिन्यांनी ढिलं." स्क्रू आवळल्यावर त्यांनी प्रत्येक वायर जोरानं ओढून पाहिली. एक किंचित हलली. ती काढून परत लावली. वायर पेटीत शिरते तिथं क्लॅम्प टाकला, म्हणजे कुणी बोर्ड वायरीला धरून ओढला तरी ताण टर्मिनलवर येत नाही. शेवटी सहा अँपिअरचा छोटा ब्रेकर, लाल बटणाचा, लहान सॉकेटांच्या वाटेवर.

मग जे केलं ते मी दुसऱ्या दुकानात पाहिलेलं नाही. बादलीत रॉड सोडून त्यांनी तो सोळाच्या सॉकेटला लावला आणि पाणी चांगलं कढत होईपर्यंत राहू दिला. मग स्विच बंद, प्लग बाहेर, आणि लगेच पिनांना बोट. कोमट. "हाताला चटका बसला तर माल परत," ते म्हणाले.

आत घालायचा माल निवडायला त्यांच्याकडे जुन्या स्पीकरचं चुंबक आहे. प्लगच्या पिनेला ते चिकटलं तर पिन लोखंडाची, वरून मुलामा. कूलरच्या ओलीशेजारी ती गंजते आणि गंज म्हणजे पुन्हा रोध. पितळेला चुंबक चिकटत नाही. प्लग-सॉकेटला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर आयएस १२९३ आणि खाली सीएम/एल अशा अक्षरांनंतर परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का, ते तिथल्या तिथं दिसतं. काउंटरवर उभं राहून हे करण्यात लाजण्यासारखं काही नाही.

कूलरबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, खाली ओली फरशी, आणि प्लग दोन पिनांचा, किंवा तीन पिनांचा असून भिंतीत अर्थिंगच नाही. तिसरी पिन लांब आणि जाड असते ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून. ती कापून टाकणं म्हणजे घरच्यांचा जीव उघडा टाकणं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत राहावं, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारा ब्रेकर, बसवावा. उष्णतेपासून तो वाचवत नाही, पण शॉकपासून वाचवतो.

उष्णता ओळखणारा प्लग मात्र करता येतो, आणि तो झालेलाही आहे. अमेरिकेत घरच्या सॉकेटवर गाडी चार्ज करताना अडॅप्टर तापल्याच्या तक्रारी आल्यावर टेस्लानं जानेवारी २०१४ मध्ये मॉडेल एसच्या मालकांना नवे अडॅप्टर दिले; त्यांत ठरावीक तापमानाला वितळून प्रवाह तोडणारा फ्यूज होता. असा औष्णिक फ्यूज दुर्मीळ नाही, घरातल्या काही उपकरणांच्या मोटारींतही तो असतो. लाखोंच्या गाडीच्या प्लगमध्ये जो तुकडा बसतो, तो कूलरच्या आणि रॉडच्या प्लगमध्येही बसवता येईल. हिंगोलीत आता विजेवरच्या स्कूटर आल्या आहेत, त्या रात्रभर ओसरीतल्या सॉकेटवर असतात आणि घर झोपलेलं असतं. प्लग बनवणाऱ्यांनी आणि मानक ठरवणाऱ्यांनी हा तुकडा जास्त प्रवाहाच्या प्रत्येक प्लगमध्ये सक्तीचा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर आपल्या हाती आहे ते करू. कूलर किंवा इस्त्री अर्धा तास चालल्यावर स्विच बंद करा, कोरड्या हातानं प्लग काढा आणि त्याच्या पिनांना बोटाची मागची बाजू लावून पाहा. चटका बसला, भोकाभोवती पिवळेपणा दिसला, प्लग आपल्या वजनानं खाली झुकत असला, तर तो सॉकेट त्याच दिवशी परवानाधारक वायरमनकडून बदलून घ्या. रॉड, गीझर, इस्त्री मल्टिप्लगवर लावूच नका. त्यांना भिंतीतला सोळा अँपिअरचाच पॉइंट द्या.